दुसऱ्याचं लेकरू

पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांचं कोविड लसीकरण ३ जानेवारी २०२२ ला सुरू झालं. आदल्या रात्री नणंदेचा फोन आला. "वहिनी, तू यातलं वाचलेलं आहेस म्हणून विचारते. उद्या याचा नंबर लागलाय. लस नीट तपासलीय ना गं? मुलांवर तपासलीय ना?"

याच बाईने पाच महिन्यांपूर्वी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, सासूबाईंपासून धाकट्या भाच्यापर्यंत सगळ्यांच्या देखत, मला लिहिलं होतं, "पोटच्या पोरीला प्रयोगाचा उंदीर करायला निघालीस. आई म्हणवून घेऊ नकोस." त्याखाली अकरा जणांचे अंगठे पडले होते.

मी तिला खरं ते सांगितलं. उद्या तुझ्या मुलाला मिळणार आहे ती कोव्हॅक्सिन दोन ते अठरा वर्षांच्या ५२५ मुलांवर तपासली गेली आहे. तुझ्या मुलाच्या आधी त्या मुलांनी दंड पुढे केले, पुन्हा पुन्हा रक्त दिलं. त्यांच्याही आयांनी सह्या केल्या. त्या आयांना तू काय म्हणशील? पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "ते वेगळं गं."

काय वेगळं? ती मुलं दुसऱ्याची होती, एवढंच वेगळं. हा लेख त्या एका शब्दाविरुद्ध आहे.

आमच्या शिकलेल्या, बऱ्यापैकी पगार असलेल्या घरांमध्ये ही वृत्ती मुरली आहे. लस शंभर टक्के सुरक्षित पाहिजे, लवकर पाहिजे, शक्यतो फुकट पाहिजे. पण ती सुरक्षित आहे हे कळण्यासाठी जे मूल लागतं ते आपल्या घरातलं नको. ते कुठल्यातरी वस्तीतून, आश्रमशाळेतून, लांबच्या खेड्यातून यावं. याला मी भित्रेपणा म्हणत नाही. भीती मलाही वाटली, चांगली पंधरा दिवस वाटली. मी याला लबाडी म्हणते. जो स्वतःचं मूल देत नाही त्याच्यावर माझा काही राग नाही, तो त्याचा हक्क आहे. माझा राग आहे तो देणाऱ्या आईला हलकट ठरवून तिच्याच मुलाच्या दंडावर सिद्ध झालेली लस रांग लावून घेणाऱ्यांवर.

ही लबाडी आजची नाही. एडवर्ड जेन्नरने १४ मे १७९६ रोजी गायीच्या देवीची लस टोचली ती माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाला, जेम्स फिप्सला. काही आठवड्यांनी त्याच मुलाला खऱ्या देवीचा पू टोचून बघितला. देवी आल्या नाहीत म्हणून जेन्नर अमर झाला. आल्या असत्या तर माळ्याचा मुलगा गेला असता. १८०३ मध्ये स्पेनहून अमेरिका खंडात लस न्यायची होती. शीतपेट्या नव्हत्या, म्हणून बावीस अनाथ मुलगे जहाजावर चढवले. एकाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याला, दुसऱ्याकडून तिसऱ्याला टोचत टोचत लस समुद्रापार जिवंत ठेवली. मुलगे अनाथच का निवडले, हे सांगायला नको. नाही म्हणायला कोणाचे आईबाप नव्हते.

आपल्याकडे पहिली लस मुंबईत टोचली गेली, १४ जून १८०२ ला, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तिच्या दंडावरच्या फोडातून पुढच्या आठवड्यात आणखी पाच मुलांना, आणि मग तिथून मद्रासपर्यंत. ॲनाचं नाव तरी पुस्तकांत राहिलं. त्या पाच मुलांची नावं कोण सांगतं? हाफकिनने प्लेगची लस १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली, हे आम्ही मुंबई-पुण्याची माणसं अभिमानाने सांगतो, आणि सांगावंच. पण त्यानंतर ती पुढे तपासली गेली ती भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर.

एकदाच, माझ्या माहितीत, हे उलटं झालं. १९५३ मध्ये जोनास साल्कने पोलिओची लस स्वतःच्या बायकोला आणि तिन्ही मुलग्यांना दिली. पुढच्या वर्षी अमेरिकेत चाचणी झाली तिच्यात सुमारे अठरा लाख शाळकरी मुलं होती. कोणाची? शिक्षकांची, दुकानदारांची, कारकुनांची, डॉक्टरांची. पालकांनी भरायच्या कागदावर 'मी संमती देतो' असं लिहिलेलं नव्हतं, 'मी विनंती करतो' असं होतं. माझ्या मुलाला घ्या अशी विनंती. पोलिओचा उन्हाळा सगळ्या घरांत सारखाच शिरत होता, म्हणून त्या समाजाने जोखीमही सगळ्यांत वाटून घेतली. पुढे १९५५ मध्ये एका कंपनीच्या लशीत जिवंत विषाणू राहून गेले, सुमारे दोनशे मुलं लुळी पडली, दहा दगावली. ते चाचणीत घडलं नाही, परवाना मिळाल्यावर, बाजारात आलेल्या बाटल्यांत घडलं. 'बाजारात आली की सुरक्षित, चाचणीत असेल तर घातक' असं सरसकट म्हणणाऱ्या माझ्या नातेवाइकांनी एवढी एक गोष्ट तरी वाचावी.

आता माझ्या घरचं सांगते.

२०२१ च्या पावसाळ्यात माझी मुलगी तेरा वर्षांची, आठवीत होती. शाळा मार्च २०२० पासून बंद. एप्रिलच्या लाटेत आमच्या सोसायटीतली तीन माणसं गेली. त्यांतल्या एकांना ऑक्सिजनच्या बेडसाठी पाच तास ॲम्ब्युलन्समधून फिरवत होते, आणि ती ॲम्ब्युलन्स निघताना मुलगी गॅलरीत उभी राहून बघत होती. मग तिसरी लाट मुलांवर येणार अशी आवई उठली, राज्याने बालरोगतज्ज्ञांचा टास्क फोर्स नेमला, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न, मुलांची लस कधी येणार? त्याच सुमारास आमच्या मुलीच्या डॉक्टरांनी सांगितलं की पुण्यात बारा ते सतरा वयाच्या मुलांसाठी एका लशीची चाचणी सुरू होतेय, विचार करून बघा.

विचार सोपा नव्हता. मुलांना कोविड बहुतेक वेळा सौम्य होतो हे तेव्हाही माहीत होतं. म्हणजे माझ्या मुलीचा त्यात स्वतःचा फायदा थोडाच. जोखीमही थोडी असावी, कारण मोठ्या माणसांना ती लस आधी देऊन झाली होती. पण मुलांमध्ये ती जोखीम नेमकी किती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर चाचणीच लागली नसती. नवरा एवढंच म्हणाला, "आधी कागद बघू. मग बोलू."

कागद बघायला गेलो त्या दिवसाबद्दल मला जास्त सांगायचं आहे, कारण माझ्या रागाचा दुसरा अर्धा भाग तिथे आहे.

लहानशी खोली, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, स्टँडवर लावलेला कॅमेरा. को-ऑर्डिनेटर म्हणून बसलेली मुलगी पंचविशीची, सकाळपासून बोलून घसा बसलेला. तिने तेवीस पानांचं संमतीपत्र माझ्यापुढे सरकवलं. जिथे जिथे सही हवी तिथे आधीच पेन्सिलीने फुल्या मारलेल्या होत्या. "मॅडम, फुली आहे तिथे करा. फॉर्मॅलिटी आहे. वाचायचं असेल तर इथेच वाचा, बाहेर नेता येत नाही."

फॉर्मॅलिटी! माझ्या मुलीच्या शरीरावर काय करायचं याची परवानगी ही फॉर्मॅलिटी? त्या मुलीला मी काही बोलले नाही. तिला तसं बोलायला कोणीतरी शिकवलं होतं, दिवसाला अमुक इतक्या सह्या झाल्या पाहिजेत असं सांगितलं होतं. ज्यांनी शिकवलं ते आत एसीमध्ये होते. माहितीपत्रक आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत सहभागी माणसाला दिली पाहिजे, असं २०१९ चे औषध चाचण्यांचे नियम स्पष्ट सांगतात. घरी नेऊन वाचायला, चार माणसांना विचारायला वेळ दिला पाहिजे, ही तर साध्या माणुसकीची गोष्ट आहे. मी म्हटलं, प्रत मिळाल्याशिवाय मी उठणार नाही. अर्धा तास गेला. तीन फोन झाले. शेवटी झेरॉक्स मिळाली.

रात्री मुलगी झोपल्यावर ती तेवीस पानं वाचली. मी पंचवीस वर्षं शाळेत मराठी शिकवते. सातव्या पानावरचं वाक्य असं होतं: 'अभ्याससंबंधित प्रतिकूल घटना उद्भवल्यास प्रायोजकाद्वारे सहभागी व्यक्तीस आवश्यक कालावधीपर्यंत विनामूल्य वैद्यकीय व्यवस्थापन प्रदान करण्यात येईल.' मी ते तीनदा वाचलं तेव्हा अर्थ लागला: चाचणीमुळे मूल आजारी पडलं तर गरज असेल तोवर उपचारांचा सगळा खर्च कंपनी करेल. हे असं का लिहिलं नाही? ज्या बाईचं शिक्षण सातवीपर्यंत झालंय, तिला तिचा सगळ्यांत मोठा हक्क ज्या वाक्यात आहे तेच वाक्य कळू नये, असं का लिहिलं? ते मराठी फाइलीत लावण्यासाठी होतं. माझ्या वर्गातल्या मुलाने असं वाक्य लिहिलं तर मी वही परत देते.

त्यातच भरपाईचा भाग होता. मूल दगावलं आणि ते चाचणीमुळे असं ठरलं, तर किती रक्कम, याचं नियमांत सूत्र आहे. मूळ रक्कम आठ लाख, तिला वयाचा आणि जोखमीचा आकडा लावायचा. सोळापर्यंतच्या वयाच्या, आधी पूर्ण निरोगी असलेल्या मुलासाठी हिशेब केला तर उत्तर सुमारे साडेत्र्याहत्तर लाख येतं. मी कॅल्क्युलेटर घेऊन तो केला. पलीकडच्या खोलीत ती झोपली होती. प्रत्येक आईबापाने तो आकडा स्वतः काढावा असं मला वाटतं. तो आकडा बघून जी नाही म्हणेल ती शहाणी आहे, आणि जी तरीही हो म्हणेल तिला कोणी उंदराची भाषा शिकवू नये.

हे नियमही कोणी आपण होऊन दिलेले नाहीत. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली तेव्हा सरकारला प्रतिज्ञापत्रावर सांगावं लागलं की २००५ ते २०१२ या काळात नव्या औषधांच्या चाचण्यांमध्ये २,६४४ माणसं मेली आणि त्यांतले ८० मृत्यू चाचणीमुळे झाले. त्या लढ्यातून भरपाईचे नियम झाले, दुर्बळ गटांच्या संमतीचं चित्रीकरण सक्तीचं झालं. माझ्यासमोर जो कॅमेरा होता तो त्या माणसांमुळे होता.

आणि खम्मम. ते नाव ज्याला ठाऊक नाही त्याने लशीच्या चाचण्यांवर मत देऊ नये, ना बाजूने ना विरुद्ध. २००९ मध्ये आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात, आणि मग गुजरातेत वडोदऱ्याला, दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस दिली गेली. दोन्हीकडच्या मिळून सुमारे चोवीस हजार मुली. खम्ममच्या पुष्कळ मुली आदिवासी वसतिगृहांत राहणाऱ्या. 'पाथ' ही परदेशी संस्था, भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राज्य सरकारं यांचा तो प्रकल्प. त्याला चाचणी म्हटलंच नाही, 'प्रात्यक्षिक प्रकल्प' म्हटलं. सात मुली मेल्या. चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध दिसला नाही. साप, विषबाधा, बुडणं अशी कारणं निघाली. मला ते मान्य आहे. पण त्याच चौकशीत संमतीपत्रं उघडली गेली. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात आकडे दिले: तपासलेल्या ९,५४३ अर्जांपैकी १,९४८ वर अंगठे, आणि २,७६३ वर सह्या वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या किंवा मुख्याध्यापकांच्या. आई घरी होती, शेतात होती, तिला कोणी विचारलं नाही. तिच्या जागी वॉर्डनने सही केली.

त्या सह्यांनी किती नुकसान केलं! प्रकल्प २०१० मध्ये थांबला, आणि एक उपयोगी लस या देशात वर्षानुवर्षं संशयात अडकून पडली. सिक्कीमने ती आपल्या मुलींना द्यायला २०१८ उजाडलं. त्या मधल्या काळात कर्करोग थांबला नव्हता. माझी मामेबहीण त्याच कर्करोगाने २०१६ मध्ये गेली, वय बेचाळीस. तिच्या वयाच्या बाईला त्या लशीचा उपयोग झाला नसता, हे मला माहीत आहे. तिच्या दोन मुलींना झाला असता. वॉर्डनच्या सहीवर काम उरकणाऱ्यांनी लशीच्या शत्रूंपेक्षा लशीचं जास्त वाटोळं केलं, असं मी म्हणते, आणि त्यावर ठाम आहे.

यातून कोणी शिकलं का? डिसेंबर २०२० मध्ये भोपाळच्या वायुग्रस्त वस्त्यांमधली माणसं सांगत होती की कोरोनाची लस मिळतेय आणि वर ७५० रुपये मिळतात असं सांगून आम्हाला नेलं, ही चाचणी आहे हे कोणी बोललंच नाही. चाचणी घेणाऱ्या रुग्णालयाने आरोप नाकारले. त्याच सुमारास चेन्नईतल्या एका स्वयंसेवकाने कोव्हिशिल्डच्या चाचणीनंतर मेंदूचा गंभीर त्रास झाल्याचं सांगत पाच कोटींची नोटीस पाठवली. लस बनवणाऱ्या सीरम इन्स्टिट्यूटने त्याचा आजार लशीमुळे नाही असं सांगितलं, इथवर ठीक. वर शंभर कोटींच्या अब्रूनुकसानीचा इशारा दिला. आजार लशीमुळे नसेलही; तपासणाऱ्यांचं मत तसंच पडलं. पण चाचणीला स्वतःहून आलेल्या माणसाने तक्रार केली तर कंपनीने त्याच्यावर शंभर कोटी उगारायचे? उद्या कोण येईल चाचणीला? ज्याला बोलताच येत नाही तोच येईल. ही कंपनी माझ्या शहरातली आहे, तिच्या लशी जगभरातल्या मुलांना वाचवतात, मला तिचा अभिमान आहे. म्हणूनच त्या एका इशाऱ्याची मला लाज वाटते.

ती तेवीस पानं वाचली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी प्रश्नांचा कागद घेऊन चाचणीच्या जागी परत गेले. या वेळी प्रमुख डॉक्टर स्वतः भेटले आणि चाळीस मिनिटं बसले. किती मोठ्या माणसांना दिलीय? सांगितलं. तुलनेसाठी लशीऐवजी नुसतं मिठाचं पाणी कोणाला मिळणार हे कोण ठरवतं? कोणीच नाही, संगणक. मलाही कळणार नाही, तुम्हालाही नाही. मधेच सोडायचं म्हटलं तर? कधीही, कारण न देता, आणि नंतरच्या उपचारांत काही फरक पडणार नाही. परदेशात दुसऱ्या प्रकारच्या लशीनंतर काही मुलग्यांच्या हृदयाला सूज आलीय असं वाचलं, या लशीत तसं होईल का? ते थांबले. म्हणाले, "ताई, मला माहीत नाही. म्हणून तर इतक्या वेळा बोलावणार आहोत. रात्री दोन वाजता छातीत दुखलं तरी या नंबरवर फोन करायचा, उचलणारा मीच असेन."

'माहीत नाही' हे तीन दिवसांत मी ऐकलेलं पहिलं प्रामाणिक उत्तर होतं. ग्रुपवर सगळ्यांना सगळं माहीत होतं. मावस दिरांना माहीत होतं की मुलं वांझ होतात. सोसायटीच्या चेअरमनना माहीत होतं की लस म्हणजे संजीवनी, देशासाठी मुलं पुढे केलीच पाहिजेत. हे दोघेही माझ्या मुलीच्या बाबतीत सारखेच निरुपयोगी.

बाहेर बाकावर एक बाई बसल्या होत्या, वढूच्या बाजूच्या. सोबत बारा-तेरा वर्षांची मुलगी. मी विचारलं, भीती नाही वाटत? त्या म्हणाल्या, "वाटती की. पण धाकटा माझा होता ना त्या जुलाबाच्या लशीत, तान्हा होता तवा. दर आठवड्याला ताई घरी यायच्या, पोराला बघायच्या, वजन घ्यायच्या. कायबी झालं तर गाडी पाठवायचे." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तुमच्या पुण्यातल्या बायका तवा कोणी नव्हत्या. आमच्या गावातल्याच सगळ्या."

मला ती लस कोणती ते माहीत होतं. रोटाव्हॅक. रोटाव्हायरसच्या जुलाबाने तान्ही मुलं सुकून मरतात, त्यावरची भारतात तयार झालेली लस. २०११ पासून दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या वढू भागातली मिळून ६,७९९ तान्ही मुलं तिच्या चाचणीत होती, सहा-सात आठवड्यांची. पहिल्या वर्षात रोटाव्हायरसचा जबर जुलाब निम्म्याहून अधिक कमी झाला. अशा लशीच्या चाचण्यांत हजारो मुलं का लागतात? कारण अमेरिकेत अशीच एक लस १९९८ मध्ये आली आणि आतड्यात आतडं शिरून अडकण्याच्या दुर्मीळ घटना वाढल्या म्हणून १९९९ मध्ये मागे घ्यावी लागली. दुर्मीळ गोष्ट हुडकायला हजारो मुलं बघावी लागतात. इथेही आतड्याच्या त्या त्रासाचे केंद्रवार आकडे उघड करा, ही मागणी कोर्टापर्यंत गेली, आणि ती करणाऱ्यांना मी देशद्रोही मानत नाही. २०१६ पासून ती लस सरकारी लसीकरणात आहे. आज ज्या घरात तिचे पाच थेंब फुकट दिले जातात, त्या घराने वढूच्या बायकांचं देणं मान्य केलं पाहिजे. त्या बाईंनी तर मागितलंही नाही. नुसतं सांगितलं, तुमच्यातल्या कोणी नव्हत्या.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. मोठा माणूस स्वतःच्या जिवावर उदार होतो. मूल 'हो' म्हणू शकत नाही, मग त्याच्या वतीने जोखीम घ्यायचा हक्क आईला कोणी दिला? रस्त्यावरून शाळेत पाठवतोच की, हे उत्तर लंगडं आहे. शाळा मुलाच्या स्वतःच्या भल्यासाठी असते. माझं उत्तर असं. मोठ्यांवर आधी तपासलेली नसेल तर नाही. आजार मुलांना होतच नसेल तर नाही. कधीही सोडता येणार नसेल तर नाही. आणि मूल नको म्हणालं तर विषय संपला. या चारही अटी पाळल्या जात असतील तर आईला तो हक्क आहे, कारण तो तिने वापरला नाही तर वॉर्डन वापरतो. तान्ह्यांचे काही आजार तान्ह्यांनाच होतात, त्यांची लस तेरा वर्षांच्या मुलीवर तपासून भागत नाही. तिथे कोणाचं तरी तान्हं लागणारच. ते नेहमी गरिबाचंच का?

मुलीला मी सगळं सांगितलं, मिठाच्या पाण्यासकट. तिने विचारलं, "मला काही झालं तर तू स्वतःला दोष देशील?" मी म्हटलं, हो, जन्मभर. ती म्हणाली, "मग मी नीट विचार करून सांगते." दोन दिवस तिने काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी म्हणाली, "जाऊया. पण सगळ्या सुयांच्या वेळी तू खोलीत पाहिजेस." बारा वर्षांवरच्या मुलांचा वेगळा कागद असतो, त्यावर त्यांची स्वतःची सही लागते. तिला सहीच नव्हती. तिने वर्गातल्या वहीवर लिहावं तसं पूर्ण नाव सुटं सुटं लिहिलं. कॅमेऱ्यापुढे को-ऑर्डिनेटरने विचारलं, "सगळं समजलं ना, हो म्हण." मुलगी म्हणाली, "समजलं ते सांगू का?" आणि पाच मिनिटं सांगत राहिली. ती मुलगी, घसा बसलेली, पहिल्यांदा पेन खाली ठेवून ऐकत होती.

दोन डोस झाले. एका रात्री अंग तापलं, डायरीत ९९.८ लिहिलं. बाकी काही नाही. पुढे गटांची यादी उघडली तेव्हा कळलं की तिला मिठाचं पाणीच मिळालं होतं. ग्रुपवर लगेच आलं, "म्हणजे उपयोग शून्य." ज्यांना एवढंही कळत नाही की तुलनेला पाणी घेतलेली मुलं नसतील तर लस घेतलेल्यांना काय झालं ते सांगताच येत नाही, त्यांनी दुसऱ्याच्या आईपणावर निकाल द्यायचं आधी बंद करावं.

हे वाचणाऱ्या आईबापांना माझं मागणं आहे. तुमच्याकडे असा निरोप आला तर फोन ठेवून देऊ नका, जाऊन या. तुम्ही वाचू शकता, भांडू शकता, डॉक्टरला चाळीस मिनिटं बसवू शकता. वढूच्या बाईंच्या शेजारी तुम्ही बसलात, तर त्यांच्या पुढ्यातल्या कागदावरच्या फुल्या पुसायला लागतील. सगळं ऐकून नाही म्हणावंसं वाटलं तर ताठ मानेने नाही म्हणा. पण हो म्हणणार असाल तर घाईत सही करू नका, मुलाला विचारल्याशिवाय करू नका, आणि सही केलेल्या कागदाची प्रत हातात पडल्याशिवाय त्या खुर्चीवरून उठू नका.